वाऱ्याच्या जागी सहकुटुंब तंबू: जागा निवडण्यापासून आवराआवरीपर्यंत

कुटुंबाचा तंबू मोठा असतो आणि तो उभारणारे हात कमी असतात. वाऱ्याच्या जागी कॅम्पिंग करताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या दोन गोष्टींतून निघतात. एकटा गिर्यारोहक कमरेएवढ्या तंबूत रांगत शिरतो आणि झोपतो. आपल्याला मुलांचे कपडे बदलायला उभं राहता येईल असा तंबू हवा असतो, म्हणजे वाऱ्यापुढे थेट भिंतच उभी करायची. वर दोन मोठ्या माणसांपैकी एक जण धाकट्याला सांभाळण्यात गुंतलेला. त्यामुळे पुढे जे काही सांगितलं आहे ते दीड माणसाला जमेल अशाच बेताने.

आधी वाऱ्याच्या जोराचा अंदाज घेऊ. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ताशी 36 किलोमीटर वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण 6 किलो वजनाइतका पडतो, ताशी 72 ला तो 25 किलोवर जातो. मोठ्या तंबूची वाऱ्यासमोरची बाजू 6 चौरस मीटर धरली, तर पहिल्या वाऱ्यात सुमारे 37 किलोचा रेटा आणि दुसऱ्यात दीडशे किलोचा. हा सगळा रेटा शेवटी येतो तो जमिनीत ठोकलेल्या चार-सहा मेखांवर. तंबू घेताना आपण कापड, खिडक्या, खिसे बघतो, पण वाऱ्यात आधी दगा देतात त्या मेखा आणि दोऱ्या.

अंदाज कसा वाचायचा

हवामानाच्या अंदाजात दिलेला वेग हा जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा आणि सरासरी असतो. तंबूच्या उंचीला वारा त्याहून मंद असतो, ही दिलासा देणारी बाजू. पण तंबू सरासरीने मोडत नाही, झोताने मोडतो. म्हणून झोताचा आकडा वेगळा दिलेला असतो तो बघा, आणि दिवसाचा एकच आकडा न घेता तासातासाचा बघा. दिशा सांगताना वारा जिकडून येतो ती दिशा सांगतात; वायव्येचा वारा म्हणजे वायव्येकडून आपल्याकडे येणारा. तंबूचं तोंड ठरवताना घाईत इथे हमखास उलटसुलट होतं.

जागेचा स्वभावही लक्षात घ्या. मोकळ्या मैदानात वारा बहुधा दुपारी चढतो आणि सूर्यास्तानंतर उतरतो. समुद्रकाठी दिवसा वारा पाण्याकडून जमिनीकडे येतो आणि रात्री उलटा फिरतो. डोंगराच्या दरीत दिवसा तो वर चढतो आणि रात्री थंड हवा उतारावरून खाली घसरते. म्हणजे दुपारी अगदी बरोबर आडोशाला लावलेला तंबू मध्यरात्री वाऱ्याच्या तोंडी असू शकतो. वादळी ढगांतून खाली कोसळणारा वारा तर कुठूनही येतो.

मोबाइलला रेंज नसेल तर झाडं बघा. फ्रान्सिस ब्यूफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1805 मध्ये वाऱ्याची जी श्रेणी मांडली, तिला पुढे जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. त्या आजही कामाच्या आहेत. धूळ आणि सुटे कागद उडू लागले, बारीक फांद्या हलू लागल्या की वारा ताशी 20 ते 28 किलोमीटर. पानांनी भरलेली लहान झाडं डोलू लागली की 29 ते 38. मोठ्या फांद्या हलतात, छत्री धरणं कठीण होतं, तेव्हा 39 ते 49. अख्खी झाडं हलतात आणि वाऱ्यासमोर चालताना जोर लावावा लागतो, तेव्हा 50 ते 61.

माझं मत असं: झोत 30 च्या आत असतील तर नेहमीची तयारी पुरते. 30 ते 50 असेल तर या लेखातलं सगळं करावं लागेल आणि तंबू बुटका असलेला बरा. 50 च्या वरचे झोत दिसत असतील आणि सोबत लहान मुलं असतील, तर तारीख बदला किंवा पक्क्या छपराखाली मुक्काम करा. हा आकडा घरीच, निघण्याआधी दोघांनी मिळून ठरवा. चार तास गाडी चालवून पोहोचल्यावर, मागे मुलं "आलं का, आलं का" करत असताना ठरवलेला आकडा नेहमी सोयीचा निघतो.

तंबू आणि सोबतचं सामान

उभ्या भिंतींचा, खोलीसारखा तंबू राहायला ऐसपैस, वाऱ्यात सगळ्यात वाईट. घुमटाकार तंबूत काठ्या एकमेकींना छेदतात. जितके छेद जास्त, तितका सांगाडा घट्ट, आणि वारा कुठूनही आला तरी फारसा फरक पडत नाही. बोगद्याच्या आकाराचा तंबू वाऱ्याच्या रेषेत लावला तर उत्तम टिकतो, आडवा लावला तर लोळण घेतो. मोठं कुटुंब असेल तर एक उंच तंबू नेण्यापेक्षा दोन बुटके घुमट नेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. उभारायलाही सोपे, आणि एक मोडला तरी दुसरा उरतो.

काठ्या फायबरग्लासच्या असतील तर त्या वाकता वाकता एकदम चिरतात आणि त्यांचे बारीक तंतू हातात घुसतात. अॅल्युमिनियमच्या बहुधा आधी वाकतात, त्यामुळे सावरायला वेळ मिळतो. दोन्हींसाठी दुरुस्तीची नळी सोबत हवी: काठीवर सहज सरकेल अशी, वीतभर लांबीची. शिवाय चिकटपट्टीचा रोल आणि जाड हातमोजे.

तंबूबरोबर आलेल्या तारेसारख्या गोल बारीक मेखा घरीच ठेवा. कडक मातीसाठी इंग्रजी वाय किंवा व्ही आकाराच्या मेखा घ्या, त्या जमिनीत फिरत नाहीत. वाळूसाठी रुंद आणि लांब, निदान 30 सेंटिमीटरच्या. मोजून लागतील त्यापेक्षा निम्म्या जास्त न्या. तीन-चार मिलिमीटर जाडीची, उजेडात चमकणारी दोरी आणि एक चांगला हातोडा. दगडाने मेख ठोकता येते, मान्य, पण मेख वाकते आणि बोटही सापडतं.

निघण्यापूर्वी मोकळ्या जागेत एकदा तंबू उभारून बघा. कोणती काठी कुठल्या खोबणीत, हे वाऱ्यात शोधायची पाळी येऊ नये.

जागा

पोहोचल्यावर लगेच सामान काढू नका. मुलांना गाडीत खाऊ द्या, आणि पाच मिनिटं जागा पायी फिरा. टेकडीचा माथा, खिंड, पाण्याकडे तोंड करून असलेली मोकळी कड: इथलं दृश्य सुंदर आणि वारा दुप्पट. दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडीत वारा आवळला जातो म्हणून वेग वाढतो. माथ्यावरून थोडं खाली, वाऱ्याच्या पाठीमागच्या उतारावर जागा बघा. पण थेट ओहोळाच्या पात्रात किंवा खोलगटात शिरू नका, कारण वाऱ्याबरोबर पाऊस आला तर पाणी तिथेच जमतं.

आडोसा म्हटला की भिंत डोळ्यांपुढे येते, पण भिंतीला आपटून वर गेलेला वारा पलीकडे गिरक्या घेत खाली उतरतो. दाट झुडपांची रांग त्याहून चांगली. तिच्यातून थोडा वारा झिरपतो आणि पलीकडे तो शांतपणे मंदावतो. झुडपांच्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत हा आडोसा जाणवतो, तेव्हा अगदी चिकटून बसायची गरज नाही. दोन मीटरच्या झुडपांपासून पाच-सहा मीटरवर तंबू लावला की झालं.

मोठ्या झाडाखाली मात्र नाही. वर मान करून वाळलेल्या, अर्धवट तुटून अडकलेल्या फांद्या बघा. एक जरी दिसली तरी ती जागा सोडा, मग सावली कितीही गार असो.

गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावली तर बुटक्या तंबूला बराच आडोसा मिळतो. मध्ये दोन-तीन मीटर सोडा. गाडीच्या चाकाला दोरी बांधायचा मोह होईल. बांधलीच, तर गाडीची किल्ली त्याच दोरीला अडकवून ठेवा, म्हणजे सकाळी दुधासाठी निघालेलं माणूस तंबूसकट निघणार नाही.

उभारणी

क्रम इथे महत्त्वाचा. जमिनीवर पसरलेलं सुटं कापड उडालं की ते पकडायला दोन माणसं लागतात, आणि आपल्याकडे दीडच आहे.

1. दिशा ठरवा. तंबूची सगळ्यात अरुंद आणि उतरती बाजू वाऱ्याकडे, दार वाऱ्याच्या उलट बाजूला. दार वाऱ्याकडे असेल तर ते उघडताच आत हवा भरते आणि तंबू वर उचलला जातो.

2. तंबू पिशवीतून पूर्ण बाहेर काढू नका. वाऱ्याकडची कड आधी काढा, तिचे दोन कोपरे मेखांनी पक्के करा, मगच बाकीचं कापड वाऱ्याच्या दिशेने उलगडा. आता वारा ते स्वतःच पसरून देतो.

3. मोकळ्या कोपऱ्यांवर जड पिशव्या ठेवा. मोठ्या मुलाला एका कोपऱ्यावर बसवा. हे काम मुलं अभिमानाने करतात.

4. काठ्या जोडून आडव्याच खोबणीत घाला, उभ्या करू नका. सगळ्या घालून झाल्यावर एकाने वाऱ्याकडून धरायचं आणि दुसऱ्याने उलट बाजूने उचलायचं. उभा राहताक्षणी उरलेले कोपरे ठोका.

5. वरचं आवरण, म्हणजे फ्लाय, टाकतानाही तेच: वाऱ्याकडची कड आधी अडकवा आणि मग पलीकडे ओढा. फ्लायच्या आतल्या बाजूला, दोऱ्यांच्या जागांच्या बरोबर मागे, बारीक चिकटपट्ट्या किंवा नाड्या असतात. त्या काठीभोवती गुंडाळायच्या असतात. बहुतेक जण त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्या न बांधता बाहेरून कितीही दोऱ्या ताणल्या तरी ताण नुसत्या कापडावर येतो, काठीला आधार मिळत नाही.

6. सगळ्या दोऱ्या लावा, वाऱ्याकडच्या आधी. वारा पडलेला असला तरी लावा. रात्री दोन वाजता हेडलॅम्पच्या उजेडात हेच करायचं म्हणजे शिक्षा.

मेखा आणि दोऱ्या

मेख तिरकी ठोका: डोकं तंबूपासून दूर झुकलेलं, टोक जमिनीत तंबूकडे वळलेलं. दोरी आणि मेख यांच्यात साधारण काटकोन व्हायला हवा. मेख डोक्यापर्यंत आत गेली पाहिजे आणि दोरी जमिनीलगत हवी. मेख चार बोटं वर राहिली तर दोरी तिला पहारीसारखी उचकटून काढते. ठोकून झाल्यावर दोरीच्याच रेषेत जोराने ओढून बघा. हलली तर तीच पुन्हा ठोकत बसू नका. वीतभर बाजूला नवी जागा घ्या, कारण पहिल्या भोकाभोवतीची माती आता सैल झालेली असते. जमीन भुसभुशीत असेल तर एका दोरीला दोन मेखा, एकीच्या मागे दुसरी, आणि दोघींना जोडणारा छोटा दोर.

दोरी लांब असली की तिचा कोन बसका होतो आणि ती मेखेला वर कमी उपसते. म्हणून तंबूबरोबर आलेल्या आखूड दोऱ्या बदलून लांब लावा. तंबूच्या भिंतीत दोरीची जागा जितक्या उंचीवर असेल, निदान तितक्याच अंतरावर मेख. दीडपट असेल तर छान.

खडकाळ जागी मेख जातच नाही. तिथे दोरी मुठीएवढ्या दगडाला किंवा जाड काटकीला बांधा, आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूने, दोरीवरच एक मोठा जड दगड ठेवा. दोरी ताणली की छोटा दगड मोठ्याला अडतो. मोठ्या दगडालाच गुंडाळलेली दोरी घासून झिजते, या पद्धतीत ते टळतं. वाळूत पिशवीत वाळू भरून तिच्या कमरेला दोरी बांधा आणि पिशवी हातभर खोल आडवी पुरा. वर वाळू टाकून पायाने दाबा. पिशवी नसेल तर हातभर लांब जाड काटकीच्या मध्यावर दोरी बांधून ती तशीच आडवी पुरली तरी चालते. माणसाच्या ओढीला ती सहसा दाद देत नाही.

दोरी ताणायला प्लॅस्टिकची जी सरकपट्टी असते ती ओल्या दोरीवर घसरते. त्यामुळे एक सरकगाठ हातात बसवून घ्या. दोरी मेखेभोवती घालून टोक परत आणा. ताणलेल्या दोरीभोवती मेखेच्या बाजूला दोन वेढे द्या, मग त्या दोन वेढ्यांच्या पलीकडे, तंबूच्या बाजूने, आणखी एक वेढा द्या आणि टोक त्याच वेढ्याखालून काढून आवळा. गाठ हाताने सरकते, ओढीने सरकत नाही.

तंबूचं कापड नायलॉनचं असेल तर दव पडलं की ते सैल होतं. दुपारी तबल्यासारखं ताणलेलं आवरण रात्री लोंबतं, फडफडू लागतं, आणि ही फडफडच शिवण उसवते. झोपण्याआधी सगळ्या दोऱ्या पुन्हा एकदा ताणायच्याच. पॉलिएस्टर कमी सैलावतं, तरीही फेरी मारा. दोऱ्यांना रंगीत चिंध्या बांधा. अंधारात धावणारी मुलं दोरीत अडखळून तोंडावर पडतात.

सावलीसाठी लावलेलं ताडपत्रीचं छत, चार खांबांचा मंडप आणि मोठी छत्री सगळ्यात आधी उडतात, आणि उडाली की शेजारच्यांच्या तंबूवर जाऊन पडतात. ताडपत्री हवीच असेल तर वाऱ्याकडची कड थेट जमिनीला टेकवून ठोका आणि दुसरी कड कमरेएवढ्याच उंचीवर ठेवा. मोठ्या फांद्या हलू लागल्या की तीही उतरवायची. दुपारी फिरायला जाताना तर मंडप उभा सोडायचाच नाही.

स्वयंपाक आणि आग

वाऱ्यात स्टोव्ह चालत नाही, म्हणून तो तंबूच्या पडवीत घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. आग लागण्याचा धोका दिसतो तरी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि वाऱ्यामुळे सगळ्या झिप बंद असताना तो आत साचतो. गार होत आलेले निखारेही आत नाहीत, शेगडी तर नाहीच.

चूल तंबूपासून दूर, वाऱ्याच्या उतरत्या बाजूला ठेवा, म्हणजे ठिणगी तंबूकडे येणार नाही. आडोशासाठी सामानाचे डबे वाऱ्याच्या बाजूला, हातभर अंतरावर रचा. ज्या स्टोव्हची गॅसची डबी बर्नरच्या थेट खाली असते, त्याला चहूबाजूंनी पत्रा गुंडाळू नका. उष्णता डबीवर परतते आणि डबी फुटू शकते. एक बाजू कायम उघडी. गॅस नेहमीपेक्षा बराच जास्त लागेल, भांड्यावर झाकण हवंच, आणि बेत असा ठेवा की पहिल्या रात्री फक्त गरम करून वाढायचं आहे.

शेकोटी जोराच्या वाऱ्यात नकोच. नायलॉनवर पडलेली एक ठिणगी भोक पाडते, कोरड्या गवतात पडलेली अख्खा माळ पेटवते.

मुलं

वारा अंगातली ऊब पळवतो. हवा 10 अंश असताना ताशी 40 किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ती 6 अंशांसारखी लागते. 5 अंश असेल तर शून्याच्या खाली. खेळून घामेजलेली मुलं थांबली की पाच मिनिटांत कुडकुडतात. जाड स्वेटरमधून वारा आरपार जातो, त्यावर पातळ वारारोधक जॅकेट हवं. कान झाकणारी टोपी आणि डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून चष्मे.

जवळ तलाव किंवा समुद्र असेल तर हवेच्या ट्यूब आणि फुगवलेल्या गाद्या गाडीतच राहू द्या. वारा काठाकडून पाण्याकडे वाहत असेल तर काठाजवळ पाणी अगदी शांत दिसतं, आणि ट्यूबवर बसलेलं मूल बघता बघता हाकेच्या पलीकडे जातं. पोहून गाठता येत नाही इतक्या वेगाने.

रात्री मुलांना भीती वाटते ती आवाजाची. झोपण्याआधी त्यांना बाहेर न्या, दोरी ओढायला लावा, ती किती घट्ट आहे ते हाताला कळू द्या. मुलं तंबूच्या मध्यभागी, पिशव्या वाऱ्याकडच्या भिंतीला. कानात बोळे घालायचे असतील तर मोठ्यांपैकी एकानेच. प्रत्येकाचे बूट आणि हेडलॅम्प उशाशी, गाडीची किल्ली एका ठरलेल्या खिशात. आणि वाऱ्याच्या उलट बाजूच्या खिडक्या वरून थोड्या उघड्या ठेवा. सगळं बंद केलं तर पहाटे श्वासाची वाफ थेंब होऊन अंगावर पडते.

रात्री वारा वाढला तर

काठी झोताबरोबर वाकून परत येत असेल तर काळजी नाही, ते तिचं कामच आहे. दोन झोतांच्या मध्येही ती वाकलेलीच राहत असेल, मेखा सुटू लागल्या असतील किंवा शिवण उसवत असेल, तर वाट बघू नका. आधी मुलं गाडीत, स्लीपिंग बॅगसकट. मग एकाने परत येऊन काठ्या काढायच्या, तंबू आडवा पाडायचा, झिप लावायच्या आणि वर जड सामान ठेवायचं. पाडलेला तंबू सकाळी पुन्हा उभा राहतो, उडालेला नाही. गाडीत झोपताना इंजिन चालू ठेवू नका. जवळ मोठं झाड असेल तर आधी गाडी मोकळ्यावर घ्या. गडगडाट ऐकू आला तरी जागा तीच, पक्क्या छताची गाडी, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं तिथेच.

काठी चिरली असेल तर हातमोजे घालून दुरुस्तीची नळी चिरेवर मधोमध सरकवा आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळा. नळी नसेल तर सरळ मेख काठीला लावून घट्ट बांधा. एक रात्र निघते.

आवराआवर

पहाटे वारा बहुधा सगळ्यात कमी असतो, तेव्हा चहाच्या आधी तंबू आवरा. आतलं सामान शेवटपर्यंत आतच राहू द्या, तेच वजन. फ्लाय आधी, वाऱ्याच्या उलट बाजूने सोडत वाऱ्याकडे गुंडाळत आणा. मग आतलं सामान काढून लगेच काठ्या पाडा, पण वाऱ्याकडच्या मेखा जमिनीतच. काठ्या ओढून नाही, ढकलून बाहेर काढायच्या. ओढल्या तर सांधे आत सुटतात. आडवा झालेला तंबू वाऱ्याच्या रेषेत लांबट घडी करून गुडघ्यांनी हवा दाबत गुंडाळा, आणि गुंडाळी वाऱ्याकडच्या कडेला पोहोचली की शेवटच्या दोन मेखा काढा. मुलांना मेखा मोजायला सांगा. गवतात राहिलेली एक मेख पुढच्या कुणाच्या तरी पायात घुसते.

घरी आल्यावर तंबू उघडून पूर्ण वाळवा, नाहीतर बुरशी धरते. काठ्या एकेक करून बोटांमधून फिरवा, बारीक चीर नखाला लागते. वाकलेल्या मेखा हातोड्याने सरळ होतात, पण त्याच जागी दुसऱ्यांदा वाकलेली अॅल्युमिनियमची मेख टाकून द्या, तिसऱ्या वेळी ती तुटते.